काळवीट धूसर का आला?

नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी हे काळविटांसाठी १९८० साली राखलेलं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. हिवाळ्यातल्या सकाळी माळावर कळप चरत असतो, नराची पिळदार शिंगं गवताच्या वर दिसत असतात. हातात बरा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स असते. फोटो काढून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला, तर एकदम शार्प! घरी येऊन तोच फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, की मात्र हिरमोड होतो. डोळ्यातली चमक गायब, शिंगांचे पीळ एकमेकांत मिसळलेले आणि अंगावरच्या केसांचा पत्ताच नाही.

यात पहिला दोष त्या छोट्या पडद्याचा. तो जेमतेम काही लाख ठिपक्यांचा असतो आणि आजच्या साध्या कॅमेऱ्याचाही फोटो सुमारे २ कोटी ४० लाख ठिपक्यांचा असतो. म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्यात फोटोतले कितीतरी ठिपके दाबून बसवलेले असतात आणि त्या गर्दीत सगळा धूसरपणा झाकला जातो. म्हणून पहिली सवय ही लावून घ्यावी, की फोटो काढल्यावर मागे लगेच पूर्ण मोठा करून बघायचा, आणि तोही काळविटाच्या डोळ्यापाशी.

पण फोटो धूसर आहे एवढं कळून भागत नाही. धूसरपणाचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पुष्कळ जण कारण न शोधताच नव्या लेन्सच्या किमती बघायला लागतात.

ठिपक्यांची रांगोळी

कॅमेऱ्याच्या आत, लेन्सच्या मागे, सेन्सर नावाची चकचकीत चौकट असते. तिच्यावर प्रकाश मोजणारी लाखो सूक्ष्म घरं असतात. हेच पिक्सेल. समोरच्या दृश्यातल्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश लेन्स गोळा करते आणि सेन्सरवर पुन्हा एका बिंदूत आणून टेकवते. असे कोट्यवधी बिंदू आपापल्या जागी नेमके पडले, की फोटो रेखीव दिसतो.

दारापुढची ठिपक्यांची रांगोळी आठवा. चिमूट सोडताना हात सरकला, तर ठिपक्याची रेघ होते. हात जमिनीपासून फार वर राहिला, तर ठिपका पसरतो. रांगोळी जाडीभरडी असली, तर त्याची कड फुटते. आणि वारं सुटलं, तर चिमूट हव्या त्या जागी पडतच नाही. फोटो बिघडण्याची मुख्य कारणंही हीच चार आहेत. काहीतरी हललं, फोकस चुकला, प्रकाश अपुरा पडल्यानं दाणे आले किंवा मधल्या हवेनं घात केला.

हात हलला

शटर उघडं असेपर्यंत सेन्सरवर प्रकाश पडत राहतो. तेवढ्या वेळात कॅमेरा हलला, तर प्रत्येक बिंदूची एकाच दिशेने बारीक रेघ उमटते. याला फोटोग्राफर ‘फोटो हललाय’ म्हणतात.

किती हललं म्हणजे बिघडतं? ३०० मिलिमीटरची लेन्स (हा आकडा तिच्या लांबीचा नव्हे, नाभीय अंतराचा) आणि २ कोटी ४० लाख पिक्सेलचा मध्यम आकाराचा सेन्सर धरू. पन्नास मीटरवरच्या काळविटाच्या अंगावरचा सुमारे ०.६५ मिलिमीटरचा भाग सेन्सरवर एका पिक्सेलात मावतो. वीस सेंटीमीटर लांबीच्या या लेन्सचं टोक डोक्याच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढं जरी सरकलं, तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. एवढा स्थिर हात कुणाचाच नसतो. मग एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हात हलायच्या आत शटर मिटणं.

यासाठी जुना, सोपा अंदाज असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचे निदान तितके भाग करून त्यातल्या एका भागात शटर मिटायला हवं. ३०० मिलिमीटरला निदान १/३००. सेन्सर लहान असेल तर चित्र आणखी जवळचं दिसतं आणि हलणंही तितकंच मोठं दिसतं, म्हणून मध्यम सेन्सरच्या कॅमेऱ्याला हाच आकडा दीडपट, म्हणजे साधारण १/५०० धरावा. फोटो खूप मोठा करून बघायचा असेल, तर १/१००० आणखी बरा.

आजकालच्या बऱ्याच लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात थरथर शोषून घेणारी सोय असते. हात एका बाजूला गेला, की आतलं भिंग किंवा सेन्सर उलट बाजूला सरकून चित्र जागेवर धरून ठेवतं. जिथे १/५०० लागला असता तिथे या सोयीमुळे १/६० किंवा त्याहूनही कमी वेग चालून जातो. पण तिचा उपयोग फक्त आपल्या हाताच्या थरथरीवर होतो. समोरचा प्राणी हलत असेल तर ती काहीच करू शकत नाही. आणि कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवला असेल, तर ही सोय सहसा बंदच करावी. काही लेन्स हलत नसलेला कॅमेराही सावरायला जातात आणि उलट चित्र बिघडवतात.

फुकटचे उपायही बरेच आहेत. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, डावा तळवा लेन्सखाली धरायचा आणि श्वास अर्धा सोडून बटण हलकेच दाबायचं. झटका दिला की कॅमेरा खाली झुकतो. सलग चार-पाच फोटो घेतले, तर बटण दाबण्याचा धक्का पहिल्यात जातो आणि मधला एखादा हमखास बरा निघतो. गाडीतून फोटो काढायचा असेल, तर इंजिन बंद करून खिडकीच्या कडेवर किलो-दीड किलो ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवा. दाणे लेन्सच्या आकाराप्रमाणे सरकतात आणि तिला खालून-बाजूने धरून ठेवतात. महागड्या स्टँडइतकंच काम ही पिशवी करते. ज्वारीच्या या मुलखात ती शोधत फिरावंही लागत नाही.

काळवीट हलला

पार्श्वभूमी रेखीव आणि काळवीटच तेवढा फरपटलेला दिसत असेल, तर हात स्थिर होता, जनावर हललं.

काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळू शकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. १/५०० सेकंदात तो साडेचार सेंटीमीटर पुढे जातो. पन्नास मीटरवरून, आपल्या त्याच ३०० मिलिमीटरच्या लेन्सने बघितलं, तर ही फरपट सेन्सरवर सुमारे ७० पिक्सेलची होते. शटरचा वेग १/२००० केला तरी १७ पिक्सेल उरतात. तोच काळवीट रमतगमत चालत असेल, तर १/५०० ला फरपट जेमतेम तीन पिक्सेलची, सहज खपून जाणारी.

मग पळणाऱ्याचा शार्प फोटो काढतात कसा? कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवून. काळवीट डावीकडून उजवीकडे चालला असेल, तर पाय रोवून, कमरेतून वळत त्याचं डोकं चौकटीत एकाच जागी धरून ठेवायचं आणि वळता वळता बटण दाबायचं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. मग डोकं आणि धड सेन्सरच्या हिशेबाने जवळजवळ थांबलेलं असतं. पाय आणि मागचं गवत तेवढं फरपटतं, आणि त्यातून वेग दिसतो.

दुसरी युक्ती दिशेची. आडवा पळणारा सर्वांत जास्त फरपटतो. आपल्याकडे तोंड करून येणारा त्या मानाने फार कमी.

फोकस चुकला

काळविटाचा डोळा मऊ, पण त्याच्या पुढच्या गवताची पाती मात्र टोकदार. हे चित्र माळरानावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं असेल. इथे हललं काहीच नाही. लेन्सने प्रकाश नेमका टेकवला तो गवतासाठी, आणि काळविटाचे बिंदू पसरले.

लेन्स एका वेळी एकाच अंतराला अचूक टेकवते. त्या अंतराच्या थोडं पुढे आणि थोडं मागे ठिपका फुगतो खरा, पण डोळ्याला जाणवण्याइतका नाही. या चालून जाणाऱ्या पट्ट्याची खोली लेन्स, अंतर आणि छिद्र या तिघांवर ठरते. छिद्र म्हणजे लेन्समधली प्रकाशाची वाट. तिचा आकार एफ आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक आणि पट्टा खोल. ३०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर असताना पन्नास मीटरवर हा पट्टा सुमारे सहा मीटरचा असतो. तोच काळवीट वीस मीटरवर आला, की पट्टा एका मीटरवर येतो. नाकावर फोकस बसला, तर कान मऊ होऊ लागतात.

म्हणून कॅमेऱ्याला सगळ्या चौकटीतून स्वतःच काहीतरी निवडू देऊ नये. सहसा सर्वांत जवळचं असेल त्यालाच तो धरतो, आणि माळावर सर्वांत जवळ असतं ते गवत. फोकसचा एकच छोटा बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय असलेला नवा कॅमेरा असेल, तर ती चालू करावी. प्राणी हलत असेल तर सतत फोकस बदलत राहणारी पद्धत निवडावी, नाहीतर बटण अर्धं दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत तो पट्ट्याबाहेर गेलेला असतो.

छिद्र बारीक करावं, पण किती?

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेल्या गोट्यांनी गरगर फिरत खडक खरवडून त्यांना रांजणासारखा आकार दिला. तिथला फोटो म्हणजे पायाशी असलेल्या खळग्यापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं रेखीव हवं. इथे रेहेकुरीच्या उलट लेन्स लागते. १६ मिलिमीटरची रुंद लेन्स एफ ८ वर ठेवून सुमारे १.६ मीटरवर फोकस केला, तर ८० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालून जाणाऱ्या पट्ट्यात बसतं. म्हणजे फोकस ना पायाशी, ना पलीकडच्या काठावर. तो दोन-तीन पावलांवरच्या खडकावर ठेवायचा.

‘छिद्र बारीक केलं की सगळं शार्प’ हे ऐकून काही जण थेट एफ २२ गाठतात आणि फोटो उलट मऊ येतो. प्रकाश लाटेसारखा वागतो. अरुंद फटीतून जाताना तो कडेशी वळतो आणि पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे लेन्स कितीही उत्तम असली, तरी एका बिंदूचा सेन्सरवर बिंदू पडत नाही, छोटी चकती पडते. हिरव्या प्रकाशासाठी एफ ८ ला ती सुमारे ११ मायक्रॉनची आणि एफ २२ ला सुमारे ३० मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. एफ २२ ला एकेक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर पसरतो.

उलट, छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर लेन्सच्या कडेचे दोष उघडे पडतात. म्हणून बहुतेक लेन्स मधल्या पट्ट्यात, एफ ५.६ ते एफ ८ च्या आसपास, सर्वांत चांगलं काम देतात. एफ ११ पर्यंत फार बिघडत नाही. त्यापुढे जायला खरंच कारण हवं.

प्रकाश कमी पडला

वेगवान शटर आणि बारीक छिद्र या दोन्हींनी प्रकाश घटतो. मग आयएसओ वाढवावा लागतो. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. जेवढा आला तेवढ्याचीच नोंद मोठी करून दाखवली जाते.

प्रकाश कणांनी येतो आणि कण पावसाच्या थेंबांप्रमाणे कमी-जास्त पडतात. एखाद्या पिक्सेलावर सरासरी १०० कण पडत असतील, तर दहाएक इकडे-तिकडे होतात, म्हणजे १० टक्के फरक. तिथेच १०,००० कण पडले, तर शंभरएक इकडे-तिकडे, म्हणजे फक्त १ टक्का. अंधारात शेजारशेजारच्या पिक्सेलांत हा फरक ठळक होतो आणि एकसारख्या रंगाच्या जागी दाणे दिसू लागतात. बारीक तपशील त्यात हरवतो.

तरीही हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात. फरपटलेला डोळा मात्र परत नीट आणणं फार अवघड. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरासारख्या कमी उजेडाच्या दगडी मंडपात हात न टेकवता फोटो काढायचा असेल, तर आयएसओ वाढवायला कचरू नका.

समोरचं हलत नसेल तर ट्रायपॉड लावून कमी आयएसओवर शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. मेअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचे फोटो असेच काढतात. उजेड असतानाच दूरच्या झाडावर फोकस करायचा आणि मग स्वयंचलित फोकस बंद करायचा, कारण अंधारात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही. शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं आणि ते बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडायचं. फ्लॅश आणि बॅटरीचा झोत अजिबात नको. काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला खुणावण्यासाठी, आणि त्या झोतात त्यांच्या खुणा बुडून जातात.

मधली हवा

सगळं बरोबर करूनही उन्हाळ्यात सकाळी दहानंतर माळावरचा प्रत्येक फोटो लिबलिबीत येतो. शटर वेगवान, फोकस डोळ्यावर, तरी कड काही धरत नाही. दोष कॅमेऱ्याच्या बाहेर आहे. तापलेल्या जमिनीलगतची गरम हवा विरळ होते, वरची थंड हवा दाट राहते आणि दोन्ही एकमेकींत मिसळत राहतात. विरळ-दाट हवेतून जाताना प्रकाश क्षणाक्षणाला थोडा वेगळ्या दिशेला वळतो. डांबरी रस्त्यावर दुपारी जे हेलकावताना दिसतं, तेच लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये मोठं होऊन दिसतं.

ओळखायची खूण सोपी आहे. फोटो काढण्याआधी मागच्या पडद्यावर थेट दिसणारं चित्र मोठं करून बघा. कडा थरथरत असतील तर हवेचा खेळ चालू आहे. यावर कुठलीही लेन्स उपाय नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास साधावा आणि अंतर शक्य तितकं कमी असताना फोटो घ्यावा.

पावसाळ्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या बाजूला अडचण वेगळी. एसी गाडीतून उतरून कॅमेरा दमट हवेत आणला, की थंड काचेवर बाष्प जमतं. पुसून उपयोग नाही, लगेच पुन्हा जमतं. पोहोचण्याआधी वीसेक मिनिटं एसी बंद करावा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच हळूहळू तापू द्यावा. फोनच्या बाबतीत तर सर्वांत मोठा शत्रू लेन्सवरचा बोटाचा तेलकट ठसा. दिव्यांभोवती धुरकट वलय दिसलं, की मऊ सुती कापडाने काच पुसा.

कॅमेऱ्याच्या पोटात

शेवटचा टप्पा फोटो काढून झाल्यावरचा. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेप्रमाणे निम्मे पिक्सेल हिरवा, पाव लाल आणि पाव निळा रंग टिपतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. या अंदाजात थोडा मऊपणा येतोच, म्हणून कॅमेरा आपणहून कडा ठळक करतो. कडेची गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. प्रमाणात केलं तर फोटो खुलतो. अति केलं तर शिंगांभोवती पांढरी रेघ दिसते. मुळात न टिपलेला तपशील यातून येत नाही.

खुद्द उजेडही असंच काम करतो. नगर शहरातल्या दमडी मशिदीच्या दगडी नक्षीचा फोटो डोक्यावरच्या उन्हात सपाट येतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडलं, की प्रत्येक पाकळीला सावली मिळते आणि त्याच लेन्सने काढलेला फोटो कितीतरी रेखीव वाटतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून जातो. लग्नाचे, गावजत्रेचे फोटो जपायचे असतील, तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौकट: धूसरपणा ओळखा

• सगळा फोटो एकाच दिशेने फरपटलेला: हात हलला. शटरचा वेग वाढवा, टेका घ्या.
• पार्श्वभूमी रेखीव, प्राणी फरपटलेला: प्राणी हलला. वेग आणखी वाढवा किंवा कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा.
• पुढचं किंवा मागचं रेखीव, हवं ते मऊ: फोकस चुकला. एकच बिंदू, डोळ्यावर.
• सगळं सारखंच थोडं मऊ, एफ १६-२२ वर: विवर्तन. एफ ८ वर या.
• दाणेदार, सपाट: प्रकाश कमी. टेका घेऊन आयएसओ उतरवा.
• कडा लिबलिबीत, दूरचं दृश्य, चढलेलं ऊन: तापलेली हवा. सकाळी लवकर या.
• सगळीकडे धुरकट वलय: काच पुसा.

आधी हे करा

पुढच्या वेळी एकाच स्थिर वस्तूचे, उदाहरणार्थ अंगणातल्या तुळशीवृंदावनाचे, तीन फोटो काढा. पहिला हातात धरून, दुसरा टेका घेऊन, तिसरा ट्रायपॉडवर टायमरने. तिसरा रेखीव आणि पहिला धूसर आला, तर लेन्समध्ये काही दोष नाही. तिन्ही सारखेच मऊ असतील, तर फोकस स्वतः हाताने बसवून पुन्हा बघा.

रेहेकुरीत मात्र जवळून फोटो मिळावा म्हणून कळपाच्या मागे लागू नका. काळविटाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण आहे आणि त्याला पिटाळणं हा गुन्हा आहे. एका जागी गप्प बसलेल्या माणसाजवळ कळप चरत चरत आपणहून येतो. बसलेल्याचा हातही स्थिर असतो. नवी लेन्स घ्यायचा विचार हे सगळं करून बघितल्यावर करा. बहुतेकांना तो करावा लागणार नाही.